ग्राफीनचा पत्रा गुंडाळतो कोण? कार्बन नॅनोट्यूबची घडण आणि तिचे खरे उपयोग

लातूरच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने विचारले आहे : "कार्बन नॅनोट्यूब म्हणजे ग्राफीनचा गुंडाळलेला पत्रा, असे पुस्तकात दिले आहे. पण हा पत्रा गुंडाळतो कोण, आणि तो गुंडाळलाच का जातो? पोलादापेक्षा शंभरपट मजबूत वगैरे जे ऐकतो, त्यातले प्रत्यक्ष वापरात काय आले? मी प्रकल्पासाठी हा विषय घ्यावा का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर पत्रा कोणीच गुंडाळत नाही. 'गुंडाळलेला पत्रा' हे नळीचे वर्णन करण्याचे सोयीचे साधन आहे, तिच्या जन्माची हकिगत नव्हे. नळी मुळातच नळी म्हणून उगवते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढे उपयोगांचेही गणित चुकते, म्हणून मी आधी वर्णन, मग जन्म आणि त्यानंतर उपयोग अशा क्रमाने लिहितो. छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत वीस वर्षे अशा नळ्या वाढवण्याचे काम केले आहे, त्या अनुभवातली एकदोन उदाहरणेही ओघात येतील.

कार्बनच्या अणूला चार हात आहेत असे समजा. हिऱ्यात तो चारही हातांनी चार शेजारी धरतो आणि घट्ट त्रिमितीय रचना तयार होते. ग्राफाइटमध्ये तो एकाच पातळीत, १२० अंशांच्या अंतराने, तीन शेजारी धरतो. यालाच एसपी-२ संकरण म्हणतात. दोन अणूंमधले अंतर ०.१४२ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असते आणि हा बंध हिऱ्यातल्या बंधापेक्षाही आखूड व बळकट असतो. उरलेला चौथा इलेक्ट्रॉन पातळीच्या वर-खाली पसरून सगळ्या पत्र्याभर हिंडत राहतो, आणि विजेचे वहन त्याच्याच जिवावर चालते. अशा षटकोनी जाळीचे थर एकावर एक सुमारे ०.३३५ नॅनोमीटर अंतराने रचले की ग्राफाइट होते. थरांमधली ओढ अगदी क्षीण असल्यामुळे ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून पेन्सिल कागदावर उमटते. त्यातला एकच थर वेगळा काढला की ते ग्राफीन.

आता हार्डवेअरच्या दुकानातून कोंबड्यांच्या खुराड्याला लावायची षटकोनी तारेची जाळी हातभर आणा. तिचे षटकोन थोडे लांबट असतात, तेवढे माफ करावे. एका षटकोनावर रंगाचा ठिपका द्या. तिथून षटकोनांच्या सरळ रांगेतून 'एन' घरे चाला, मग ६० अंशांत वळून 'एम' घरे चाला आणि जिथे पोहोचाल त्या षटकोनावर दुसरा ठिपका द्या. दुसरा ठिपका पहिल्यावर बरोबर बसेल अशी जाळी वळवली की एक ठरावीक नळी तयार होते. तिचे पूर्ण नाव म्हणजे ही दोन आकड्यांची जोडी. दुसरा आकडा शून्य असेल तर नळीचा कापलेला काठ करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, तिला झिगझॅग म्हणतात. दोन्ही आकडे सारखे असतील तर काठ खुर्चीच्या हातांसारखा दिसतो, तिला आर्मचेअर म्हणतात. बाकी सगळ्या नळ्यांत षटकोनांच्या रांगा जिन्यासारख्या तिरप्या चढत जातात. त्या किरल, म्हणजे डाव्या किंवा उजव्या पिळाच्या असतात.

व्यास काढण्याचे सूत्र सोपे आहे. दोन्ही आकड्यांचे वर्ग आणि त्यांचा गुणाकार यांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे, त्याला ०.२४६ ने गुणायचे आणि पायने (π, म्हणजे ३.१४) भागायचे. (१०, १०) या नळीचा व्यास १.३६ नॅनोमीटर येतो आणि (१७, ०) हिचा १.३३. फरक एका अणूच्या आकारापेक्षाही कितीतरी कमी आहे. तरीही पहिली नळी धातूसारखी वीज वाहते आणि दुसरी सिलिकॉनच्या जातीची अर्धवाहक असते. एक घर वाढवून (१८, ०) केली की पुन्हा जवळजवळ धातू. नियम असा की दोन आकड्यांच्या वजाबाकीला तीनने नि:शेष भाग गेला तर नळी धातुसदृश, नाही गेला तर अर्धवाहक. तिरप्या आणि झिगझॅग धातुसदृश नळ्यांत वक्रतेमुळे किंचितशी ऊर्जाफट, म्हणजे वीज वाहण्यासाठी इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, उरते, पण नेहमीच्या तापमानाला ती जाणवत नाही. निवड न करता नळ्या बनवल्या तर ढोबळमानाने एक तृतीयांश धातुसदृश आणि दोन तृतीयांश अर्धवाहक निघतात.

हा तीनचा खेळ कुठून आला, हे समजण्यासाठी बांगडीवरची नक्षी डोळ्यांपुढे आणा. नक्षीचा एक नमुना फिरत फिरत सुरुवातीच्या जागी आला की तो तिथे बिनचूक जुळलाच पाहिजे, अर्धा नमुना उरवून चालत नाही. नळीच्या घेराभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या तरंगालाही हीच अट आहे. सपाट ग्राफीनमध्ये वीज वाहण्याची मुभा काही मोजक्याच तरंगांना असते. नळी वळली की घेरात पूर्ण बसणारे तरंग तेवढे टिकतात. टिकलेल्यांत वीज वाहणारा तरंग आला तर नळी धातू, नाही तर अर्धवाहक. अर्धवाहक नळीची ऊर्जाफट व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. एक नॅनोमीटर व्यासाला ती साधारण ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरावी.

आता जन्माकडे वळू. आज बहुतांश नळ्या रासायनिक बाष्प निक्षेपणाने, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत सीव्हीडीने, वाढवतात. क्वार्ट्झची लांब नळी भट्टीत आडवी ठेवायची, तिच्यात लोखंड, कोबाल्ट किंवा निकेलचे काही नॅनोमीटर आकाराचे कण पसरलेला तुकडा सरकवायचा, आर्गॉनने आतली हवा घालवायची आणि ६०० ते १००० अंश सेल्सिअसला ॲसिटिलीन, इथिलीन किंवा मिथेन सोडायचा. वायूचा रेणू धातूच्या कणावर आदळून तुटतो. हायड्रोजन निघून जातो आणि कार्बन कणाच्या अंगात मुरतो किंवा पृष्ठभागावर सरकत राहतो. कण तृप्त झाला की जादा कार्बन बाहेर येऊन पृष्ठभागावर षटकोनांची जाळी विणू लागतो.

इथे तुमच्या 'का'चे उत्तर आहे. इवल्याशा सपाट पत्र्याच्या काठावरच्या प्रत्येक अणूचा एक हात रिकामा राहतो आणि रिकाम्या हाताची ऊर्जेतली किंमत मोठी असते. पत्रा वाकवायलाही ऊर्जा लागते, पण या मापाच्या पत्र्यात ती काठाच्या किमतीपेक्षा कमी पडते. म्हणून जाळी कणाच्या गोलाईवर टोपीसारखी बसते. नुसत्या षटकोनांनी गोलाई येत नाही, मध्ये पंचकोन घालावे लागतात. ऑयलरच्या सिद्धांतानुसार पूर्ण बंद गोळ्याला बारा पंचकोन लागतात, फुटबॉलवर मोजून पाहा. अर्ध्या गोळ्याच्या टोपीला सहा लागतात. सहावा पंचकोन बसला की टोपीच्या कडा सरळ होतात, आणि यापुढे काठावर जो कार्बन येतो तो षटकोनांचीच भर घालतो व टोपी वर उचलली जाते. ही स्थिती नीट पाहा : वरचे तोंड टोपीने मिटलेले, बाजूच्या कडा एकमेकींना मिळालेल्या आणि खालच्या काठाचे हात धातूच्या कणाने धरलेले. रिकामा हात कुठेच उरला नाही.

कण तळाला घट्ट चिकटलेला असेल तर नळी गवतासारखी बुडातून वाढते. चिकटण सैल असेल तर कणच नळीच्या शेंड्यावर चढतो आणि नळी त्याच्या खाली लांबत जाते. कणाचा आकार नळीचा व्यास ठरवतो. एक ते तीन नॅनोमीटरच्या कणातून एकपदरी नळी येते, मोठ्या कणातून एकात एक बसलेल्या अनेक नळ्यांची बहुपदरी. पण दोन आकड्यांची ती जोडी ठरते टोपी मिटण्याच्या क्षणी. सटवाई पाचवीच्या रात्री येऊन कपाळी लिहून जाते म्हणतात, तसेच हे. टोपीत सहा पंचकोन कुठे कुठे बसले यावर नळीचे पुढचे सगळे आयुष्य ठरते आणि सहसा ते बदलत नाही. एकाच भट्टीत, एकाच तुकड्यावर, शेजारी शेजारी उगवलेल्या नळ्या म्हणूनच वेगवेगळ्या निघतात. या विषयातली खरी अडचण ही आहे.

कणावर भलतासलता काजळीसारखा कार्बन साचला किंवा कण एकमेकांत मिसळून मोठे झाले की वाढ थांबते. २००४ मध्ये जपानमध्ये केंजी हाता यांच्या गटाने वायूत पाण्याची अगदी थोडी वाफ सोडून ही काजळी जाळत राहण्याची युक्ती काढली आणि दहा मिनिटांत सुमारे अडीच मिलिमीटर उंचीचे नळ्यांचे 'रान' वाढवले. चांगले वाढलेले रान नुसत्या डोळ्यांना काळ्या मखमलीसारखे दिसते. आमच्या भट्टीतले हे मखमल एका मे महिन्यात मी गमावले, तो प्रसंग शिकवण्यासारखा आहे. फेरोसीन (लोखंड पुरवणारे संयुग) आणि टोल्युइन (कार्बन पुरवणारा द्रव) वापरून सुमारे ८०० अंशांना वाढ चालू असताना वीज गेली. आर्गॉनचा सिलिंडर संपत आलेला होता, प्रवाह थांबला, आणि भट्टी निवू लागताच आतला वायू आकसून बाहेरची हवा नळीत ओढली गेली. सकाळी पाहिले तर तुकड्यावर विटकरी रंगाची चिमूटभर पूड होती. साडेपाचशे-सहाशे अंशांच्या वर हवा लागली की नळ्या जळून कार्बन डायऑक्साइड होऊन जातात आणि उत्प्रेरकाच्या लोखंडाचा गंज तेवढा मागे राहतो. तेव्हापासून भरलेला दुसरा सिलिंडर जोडल्याशिवाय भट्टी पेटवत नाही.

शोधाचे श्रेय सहसा सुमिओ इजिमा यांना देतात. १९९१ मध्ये त्यांनी ग्राफाइटच्या विद्युत्-ठिणगीत ऋणाग्रावर साचलेल्या राखेत बहुपदरी नळ्या पाहिल्या, आणि १९९३ मध्ये त्यांच्या व आयबीएमच्या गटाने स्वतंत्रपणे एकपदरी नळ्या दाखवल्या. मात्र रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत संशोधकांनी पोकळ कार्बन तंतूंची छायाचित्रे १९५२ मध्येच छापली होती. आपल्या भागाच्या वाचकांना एक वेगळी नोंद आवडेल. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीच्या पोलादात नॅनोट्यूबचे अवशेष दाखवले. अशा तलवारींचे पोलाद दक्षिण भारतातून जात असे, आणि नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम हे त्याचे नावाजलेले केंद्र होते. ती तलवार तिथल्याच पोलादाची होती असा अर्थ मात्र काढू नये, आणि आपल्या लोहारांना नॅनोतंत्र ठाऊक होते असे तर मुळीच म्हणू नये. लोखंड, कार्बन आणि उष्णता एकत्र आली की नळ्या होऊ शकतात, एवढेच त्यातून दिसते.

आता उपयोग. मजबुतीचे आकडे खोटे नाहीत, ते एकेकट्या नळीचे आहेत. ताठपणा सुमारे एक टेरापास्कल, म्हणजे पोलादाच्या पाचपट. २००० साली बहुपदरी नळ्या एकेक धरून ओढल्या गेल्या, तेव्हा बाहेरच्या पदराची ताणशक्ती ११ ते ६३ गिगापास्कल भरली. चांगल्या पोलादी तारेची दोन-तीनच्या घरात असते. शिवाय नळी वजनाने पोलादाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याची. 'शंभरपट' हा आकडा वजनाच्या तुलनेतून आणि सैद्धांतिक मर्यादेतून येतो. पण अंबाडीचा एक तंतू किती ओढ घेतो यावरून दोराची ताकद सांगता येत नाही. दोर तुटतो तो बहुधा तंतू एकमेकांवरून घसरून, म्हणून तर पीळ द्यावा लागतो. नॅनोट्यूबची भिंत इतकी गुळगुळीत असते की नळ्या एकमेकींवरून आणि भोवतालच्या रेझिनमधून सहज निसटतात, बहुपदरी नळीचे आतले पदर तर दुर्बिणीच्या नळकांड्यांसारखे बाहेर सरकतात. म्हणून नळ्यांचे सूत आणि संमिश्रे यांची ताकद एकेकट्या नळीच्या कितीतरी खाली राहते. पृथ्वीपासून अवकाशापर्यंतच्या लिफ्टच्या गोष्टी मी म्हणूनच वर्गात सांगत नाही.

जिथे यश आले आहे तिथे नळ्यांची जात कोणती याची फारशी फिकीर करावी लागत नाही. एका परातीत ज्वारीचे दाणे पसरा आणि दुसरीत कडब्याच्या बारीक काड्या. परातीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकमेकांना टेकलेल्यांची अखंड साखळी हवी असेल तर दाणे जवळजवळ परात भरेल इतके लागतात, काड्या मात्र वजनाने फार थोड्या पुरतात. प्लास्टिकमधून वीज वाहून नेण्याचे तत्त्व हेच. नेहमीची काजळी १५ ते २० टक्के घालावी लागते तिथे बहुपदरी नळ्या दोन-चार टक्क्यांत काम करतात आणि प्लास्टिकचा चिवटपणा शाबूत राहतो. मोटारीच्या इंधनवाहिन्यांत स्थिर विद्युत साचून ठिणगी पडू नये म्हणून, आणि प्लास्टिकच्या भागांवर स्थिर विद्युताने रंग बसावा म्हणून, त्या बरीच वर्षे वापरात आहेत. आज त्यांचा मोठा ग्राहक म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. धनाग्रातले सक्रिय द्रव्य स्वतः वीज नीट वाहत नाही, म्हणून त्याच्या कणाकणाला जोडणारे काहीतरी लागते. काजळीऐवजी नळ्या घातल्या की कमी वजनात ती जोडणी होते आणि वाचलेल्या जागेत सक्रिय द्रव्य बसते. ऋणाग्रात सिलिकॉन वापरले तर ते चार्ज होताना फुगते आणि भेगाळते, तेव्हाही लांब नळ्या तुकड्यांना धरून ठेवतात. वाळूज-शेंद्र्याच्या वाहन उद्योगात नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्याने नॅनोट्यूबचा अभ्यास करायचा तर या अंगाने करावा, असे माझे मत आहे.

संगणकाची वाट याच्या उलट आहे. तिथे प्रत्येक नळी अर्धवाहकच हवी, कारण लाखांत एखादी धातूची शिरली तरी तिच्यापुरता स्विच बंदच होत नाही. पहिला नॅनोट्यूब ट्रान्झिस्टर १९९८ चा. २०१३ मध्ये स्टॅनफर्डमध्ये १७८ ट्रान्झिस्टरचा छोटा संगणक चालला आणि २०१९ मध्ये एमआयटीत १४ हजारांहून अधिक ट्रान्झिस्टरचा प्रोसेसर झाला. हे काम थोर आहे, पण सिलिकॉनच्या एका चिपवर आज अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात हेही ध्यानात ठेवावे.

पाण्याचा प्रश्न मराठवाड्यात निघणारच. २००४ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत नॅनोट्यूबचा पोकळ दंडगोल बनवून ई. कोलाय जिवाणू आणि पोलिओचा विषाणू पाण्यातून गाळून दाखवला. तो धुऊन, तापवून पुन्हा वापरता येत होता. पण बोअरच्या पाण्यातला क्षार आणि फ्लोराइड विरघळलेल्या स्वरूपात असतात, ते अशा गाळणीत अडकत नाहीत. त्यासाठी पाणी नळ्यांच्या पोटातून जाईल असे पटल लागते आणि नळीचे तोंड एक नॅनोमीटरच्या आत हवे. २००६ मध्ये दोन नॅनोमीटरहून अरुंद नळ्यांतून पाणी अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने वाहते हे सिद्ध झाले, मात्र चौरस मीटरभर बिनचूक पटल बनवणे ही वेगळीच गोष्ट आहे. शेतीचेही तसेच. २००९ मध्ये टोमॅटोचे बी नॅनोट्यूबच्या संपर्कात लवकर उगवल्याचे प्रयोगशाळेत दिसले. तेवढ्यावरून 'नॅनो कार्बन' लिहिलेली बाटली सोयाबीनवर फवारायला घेऊ नये.

याचे कारण म्हणजे सुटी पूड श्वासावाटे फुप्फुसात जाण्याचा धोका. लांब, ताठ बहुपदरी नळ्या उंदरांच्या पोटाच्या आवरणात ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण करतात, हे २००८ मध्ये दिसून आले. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यातला एक ठरावीक प्रकार 'मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात ठेवला आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामाच्या जागेसाठी २०१३ मध्ये सुचवलेली मर्यादा हवेच्या घनमीटरला एक मायक्रोग्रॅम आहे. प्लास्टिकमध्ये बंदिस्त झालेल्या नळ्यांची फारशी भीती नाही, मुख्य धोका आहे तो सुट्या, कोरड्या पुडीचा.

तुमच्या प्रकल्पाबद्दल. नळ्या स्वतः वाढवण्याच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका. पाण्यात आधीच विखुरलेल्या बहुपदरी नळ्या विकत घ्या, त्या पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) या प्लास्टिकमध्ये वेगवेगळ्या प्रमाणात मिसळा, काचेवर पापुद्रे ओता आणि प्रत्येकाचा रोध मोजा. टक्केवारी वाढवत नेताना एका ठिकाणी रोध एकदम हजारो पटींनी कोसळतो. तो बिंदू पकडायचा, आणि तोच प्रयोग काजळी घेऊन पुन्हा करायचा. मिश्रण ध्वनितरंगांच्या यंत्रात तासन्‌तास ठेवू नका, गुच्छ सुटतात पण नळ्याही तुटतात आणि आखूड काड्यांची साखळी लवकर जुळत नाही. विद्यापीठात रामन यंत्र (विखुरलेल्या प्रकाशावरून बंधांची कंपने ओळखणारे) मिळाले तर आलेखात १३५० आणि १५९० प्रति सेंटिमीटरच्या आसपासची दोन शिखरे पाहा. ध्वनितरंगांच्या यंत्रातून काढल्यावर पहिले शिखर दुसऱ्याच्या तुलनेत वाढले असेल तर नळ्यांत दोष वाढले आहेत. काम संपले की ओटा ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका, आणि फडके बंद पिशवीत भरून रासायनिक कचऱ्यात द्या.